पोथीचे छायाचित्र आणि छायाचित्राची पोथी

दिवाळीच्या आधी आठ दिवस घरोघर माळे झाडले जातात. काळवंडलेल्या समया निघतात, मोडका पाळणा निघतो, आजोबांची ट्रंक निघते, आणि ट्रंकेच्या तळाशी लाल रुमालात बांधलेले एक बासन निघते. ते सोडून पाहण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. आतले अक्षर लागत नाही, आणि लागले तरी वाचायला सवड कोणाला आहे? मग घरातले कोणीतरी वडीलधारे माणूस सांगते, की फाटकी पोथी घरात ठेवू नये, वाहत्या पाण्यात सोडावी. बासन कयाधूच्या नाहीतर पूर्णेच्या पात्रात जाते आणि माळा स्वच्छ होतो.

साखऱ्याच्या पंचक्रोशीत अशी बासने अजून आहेत. आमचा मुलूख जुना. नामदेवांचे जन्मगाव म्हणून जिच्याकडे वारकरी जातात ती नर्सी याच जिल्ह्यातली, आणि औंढ्या नागनाथाचे देऊळही याच जिल्ह्यातले. कोठे एखाद्या घरी हरिविजयाची नक्कल असते, कोठे महानुभावांची सांकेतिक लिपीतली पाने असतात, कोठे नुसताच मोडीतला हिशेब असतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाला यातले काहीच टाकाऊ वाटत नाही. त्यामुळे गेली काही वर्षे सुटीत कॅमेरा गळ्यात अडकवून मी ही पाने टिपत हिंडतो. या सदराच्या वाचकांपैकी काहींनी विचारले, की कॅमेरा कोणता घ्यावा आणि 'रॉ' म्हणतात ती भानगड काय आहे. विचारणारे बहुतेक लग्नामुंजींचे फोटो काढणारे होते. पण पोथीला जे लागते तेच मुंजीलाही लागते, म्हणून पोथीच्याच निमित्ताने सांगतो.

आधी एक गोष्ट सांगतो. आमच्या एका विद्यार्थिनीने आजोळच्या पोथीचे फोटो मोबाइलवर काढले आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून मामांना पाठवले. पुढे मोबाइल बदलला, त्यातले फोटो गेले. त्याच पावसाळ्यात माळवद गळले आणि पोथीचा लगदा झाला. आता जगात उरले ते मामांकडचे व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो. ते माझ्यापुढे आले तेव्हा पान दिसत होते, अक्षरांच्या ओळी दिसत होत्या. पण ऱ्हस्व वेलांटी की दीर्घ, 'त' की 'न', एवढेच नेमके दिसत नव्हते. व्हॉट्सअ‍ॅप आपल्या सोयीसाठी चित्र दाबून लहान करते, त्यात बारीक रेघा पहिल्यांदा जातात. हेच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले असते तर जसेच्या तसे गेले असते. मुलीला हे कोणी सांगितले नव्हते.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही हे घडलेले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांना बीडच्या पाटांगणावर ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत सापडली आणि १९०९ साली त्यांनी ती छापली. ती मूळ पोथी आज अभ्यासकांच्या हाती नाही. त्या पाठावर वाद पुष्कळ झाले. पण मूळ पान पुढे ठेवून 'हे पाहा' म्हणावे, ही सोय राहिली नाही. उलट, निजामाच्या पदरी असलेल्या राजा दीनदयाळांचे पाहा. ते १९०५ साली वारले, तरी त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्हज् आज दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. कागदावरची प्रिंट पिवळी पडली तरी निगेटिव्हवरून नवी काढता येते.

रॉ फाईल म्हणजे ही निगेटिव्हच समजा. आमच्याकडच्या भाषेत सांगायचे तर रॉ म्हणजे हळदीचा कंद आणि जेपेग म्हणजे पूड. शेतातून काढलेला कंद हवा तसा शिजवा, वाळवा, दळा. एकदा पूड झाली की तिचा कंद होत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. रॉ जर १२ बिटांची असेल तर ४,०९६ आणि १४ बिटांची असेल तर १६,३८४. फिकट शाई आणि मळका कागद यांत फरक जेमतेम दोनचार पायऱ्यांचा. तो वाढवून अक्षर वर काढायचे तर पायऱ्या पुष्कळ हव्यात. शिवाय पांढरा रंग कोणता, हे रॉमध्ये मागाहून ठरवता येते.

याचा उपयोग प्रत्यक्षात कसा होतो ते सांगतो. पाण्याचे तपकिरी डाग पडलेले पान संगणकावर फक्त लाल रंगाच्या थरात पाहिले, की डाग पुष्कळसे पुसट होतात आणि काजळाच्या शाईचे अक्षर काळेच राहते. शाई स्वतःच तांबूस होऊन विटली असेल तर निळा थर पाहावा. जुने लेखक चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच आला. लाल थरात ही पिवळाई कागदासारखी उजळ होते, आणि लेप पातळ असला तर खालचे चुकलेले अक्षर डोके वर काढते. लेखकाची चूक दोनशे वर्षांनी पकडण्यात एक दुष्ट आनंद असतो, तो मी नाकारीत नाही.

आता कॅमेरा. दुकानदार नवा, मोठा, महाग दाखवील, ऐकू नये. जुन्या बाजारातला २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा या कामाला भरपूर झाला. पैसे उरले तर ते ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्समध्ये आणि भक्कम तिपाईत घालावे. हलक्या तिपाईइतकी फसवी वस्तू बाजारात दुसरी नाही. आयएसओ १००, छिद्र एफ-८, आणि बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी उघडेल असा टायमर. फ्लॅश मुळीच नको. ओसरीवर सावलीतला सकाळचा उजेड सर्वांत चांगला. पानाखाली काळे कापड, शेजारी मोजपट्टी, आणि पहिल्या फोटोत एक करडे कार्ड ठेवावे म्हणजे मागाहून रंग जुळवता येतो. पान सपाट होत नसेल तर दाबू नये, वाकडेच टिपावे. हळद शिजवण्याच्या आणि पॉलिश करण्याच्या दिवसांत खळ्याजवळ लेन्स बदलू नये, ती धूळ आत बसली की निघता निघत नाही. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात लेन्स ठेवावी. जादा बॅटरी हवीच. भारनियमनाचे वेळापत्रक कॅमेरा पाहत नाही.

तीनशे पानांची पोथी म्हणजे सहाशे बाजू. एक रॉ फाईल सुमारे ३० एमबी धरली तर १८ जीबी झाले. गूगलवर फुकट जागा १५ जीबी मिळते, म्हणजे एक पोथीही त्यात मावत नाही. ६४ जीबीचे कार्ड पुरते. मात्र ते खात्रीच्या दुकानातून घ्यावे. खोट्या कार्डांवर आकडा मोठा असतो आणि आत जागा थोडी. भरत आले की मागचे फोटो गिळते. नवे कार्ड एकदा काठोकाठ भरून सगळे फोटो उघडतात का ते पाहावे, मगच कामाला घ्यावे. फोटो चुकून पुसले गेले तर घाबरू नये: पुसले जाते ते प्रथम यादीतले नाव, माल तसाच असतो. त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये. 'फोटोरेक' नावाचा फुकट प्रोग्राम बहुधा ते परत काढून देतो.

खरी मेहनत घरी आल्यावर. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ वर जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि त्याच नावाची दुसरी फाईल पहिलीच्या उरावर बसते. म्हणून उतरवतानाच नाव बदलावे: आधी वर्ष, मग महिना, दिवस, मग पोथीचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक. पानाचा आकडा तीन अंकी लिहावा, नाहीतर कित्येक प्रोग्राम दहावे पान दुसऱ्याच्या आधी लावतात. पोथीत आकडा पानाच्या मागल्या बाजूस एकदाच असतो, तेव्हा पुढली बाजू 'अ' आणि मागली 'ब' समजावी. ही नावे रोमन अक्षरांत द्यावीत. मराठीच्या प्राध्यापकाने हे सांगावे याचे मलाही वाईट वाटते. पण काही जुन्या प्रोग्रामांना देवनागरी नावे अजून पचत नाहीत.

फाईल 'कट' करून हलवू नये, 'कॉपी' करावी. कॉपी पुरी झाल्यावर चेकसम ताडून पाहावा. हा काही नवा शोध नव्हे. आमचे जुने लेखक अध्यायाच्या शेवटी ओव्यांची संख्या लिहीत, म्हणजे पुढच्या नक्कलकाराने एखादी ओवी गाळली तर ती पकडता येई. संगणक तेच फाईलच्या एकेका बिटाबाबत करतो. आकडा जुळल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करावे.

संस्कारासाठी 'डार्कटेबल' किंवा 'रॉथेरपी' हे दोन प्रोग्राम फुकट आहेत आणि चांगले आहेत. त्यांत मूळ रॉला धक्का लागत नाही; आपण काय केले त्याची टिपणे शेजारच्या छोट्या फाईलमध्ये जातात. डार्कटेबलमध्ये तिचे शेपूट 'एक्सएमपी'. फाईल दुसरीकडे नेताना हे पिल्लूही बरोबर न्यावे, नाहीतर महिनाभराची मेहनत जाते आणि कच्चा कंद तेवढा हाती राहतो. प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी असते: निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर३, सोनीची एआरडब्ल्यू. अडॉबीने २००४ साली डीएनजी नावाची सामाईक जात काढली. मूळ फाईल ठेवून तिच्या जोडीला डीएनजीची किंवा टिफची एक प्रत ठेवणे शहाणपणाचे.

प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. तालुक्याच्या एका फोटोग्राफरकडे कित्येक लग्नसराईंचे काम एकाच हार्ड डिस्कवर होते. एके दिवशी ती टकटक आवाज करू लागली आणि बंद पडली. पेनड्राइव्हवर किंवा एसएसडीवर भरून कपाटात वर्षानुवर्षे टाकून देऊ नये, वीज न मिळता त्यांतला भार हळूहळू ओसरतो. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला जपा, अशी विनवणी जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक करीत. डिस्कची मागणी फारशी निराळी नाही.

सरकारही या कामात आहे. २००३ साली हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय मिशन निघाले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' जाहीर झाले. पण साखऱ्याच्या माळ्यापर्यंत ते कधी पोचेल ते पोचो. घराची झाडझूड याच आठवड्यात आहे.

एक मात्र पाळावे. पोथी त्या घराची आहे. काही घरी ती पूजेत असते, काही घरी बाहेरच्याला दाखवायचीच नसते. आधी विचारावे, हात धुऊन बसावे, पाने ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने परत बांधावीत, आणि विचारल्याखेरीज एकही पान कोठे टाकू नये. काम झाल्यावर जेपेगची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून घरच्यांना द्यावी आणि पहिले पान चांगल्या कागदावर छापून द्यावे. रॉ फाईल त्यांना देऊन उपयोग नाही, मोबाइलवर बहुधा ती उघडत नाही आणि ते समजतात की फोटो बिघडला.