कॉफीच्या खळ्यावरचा धडा



कॉफीचा आणि जाफराबादचा संबंध काय, असे कोणीही विचारील. पिकाचा संबंध काहीच नाही. रोबस्टा कॉफीला सावली लागते, वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोऱ्यासाठी एक चांगली सर लागते. आपल्याकडे त्या दिवसांत पाऊस आला तर उभी ज्वारी झोपवतो. महाराष्ट्रात कॉफी आहे ती चिखलदऱ्याच्या डोंगरावर, तीही थोडी. उद्या कोणी गावात कॉफीची रोपे विकायला आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पण कॉफीवाल्यांची हकिगत मात्र ऐकून ठेवा.

१९४२ च्या कायद्याने कूर्ग, चिकमंगळूरच्या शेतकऱ्याला आपली कॉफी बोर्डाच्या 'पूल' नावाच्या सामायिक साठ्यात घालावी लागे. विकणार बोर्ड, शेतकऱ्याला पैसे हप्त्याहप्त्याने. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदीत आपण हेच भोगले. माल एका दिवसात जाई, चुकारा रखडत येई. कॉफीला १९९२ पासून टप्प्याटप्प्याने मोकळीक मिळाली आणि १९९६ मध्ये ती पूर्ण झाली. आपला एकाधिकार ढिला व्हायला २००२ साल उजाडले.

मोकळीक मिळाली तेव्हा खळे कामाला आले. रोबस्टाची पिकली फळे बहुतेक शेतकरी सालासकट वाळवतात. तीन इंचांचा थर पसरायचा, दिवसभर खालीवर करायचा, संध्याकाळी ढीग करून झाकायचा. दोन आठवड्यांत ओलावा ११ टक्क्यांवर येतो. मूठभर फळे कानाशी हलवली की आतले बी खुळखुळते. ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून पाहणाऱ्याला हे शिकवायला नको. असा वाळलेला माल कोठारात महिनोन्‌महिने राहतो. २०२४ मध्ये व्हिएतनामात दुष्काळ पडला आणि लंडनच्या बाजारात रोबस्टा टनाला ५००० डॉलरच्या वर गेली. ती तेजी ज्याच्या कोठारात माल होता त्याची. झाडावरचे पीक आधीच उचल घेऊन विकणाऱ्याची नव्हे.

मोकळा बाजार म्हणजे वरदान, असे कोणी समजू नये. २००१-०२ मध्ये कॉफीचे भाव जगभर कोसळले आणि कित्येक मळे कर्जात बुडाले. स्वातंत्र्य भावाची हमी देत नाही. केव्हा आणि कोणाला विकायचे, एवढा अधिकार देते. तो वापरायला वाळलेला माल हवा आणि थांबण्याची ताकद हवी.

आपले अडते ते इथेच. दिवाळीच्या सुमाराची पहिली वेचणी दवाने ओली असते. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पुरा हमीभाव, त्यावर कपात, १२ च्या वर माल परत. ओला कापूस मग व्यापारी सांगेल त्या भावाने जातो. आपल्याकडे उन्हाचा तोटा नाही. बियाणे-खताची उधारी आणि वेचणीची मजुरी आठ दिवस थांबू देत नाही, म्हणून कापूस ओला विकला जातो.

तेव्हा जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठरवू या. गावात ओलावा मोजण्याचे यंत्र शेतकऱ्याच्या हातात असावे. पहिली वेचणी उन्हे दिल्याशिवाय बाजारात नेऊ नये. आणि गोदामातील मालावर तारण कर्ज माल ठेवल्या आठवड्यात मिळावे; नाही मिळाले तर त्याचा जाब बाजार समितीच्या दारात बसून विचारावा.