घाम भूमिहीनांचा, पाणी कोणाचे?

वैशाखात भडगावच्या पुलावरून दिसते ते गिरणेचे पाणी नव्हे, गिरणेची वाळू! वरच्या अंगाला, नांदगाव तालुक्यात, सुमारे साडेअठरा अब्ज घनफूट उपयुक्त साठ्याचे धरण उभे आहे. तरी त्यातून आवर्तन सुटेपर्यंत नदीकाठची गावे घशाला कोरड घेऊन बसतात. गिरणेवरील सात बलून बंधाऱ्यांची योजना निवडणुकीच्या सभांतून गाजत राहिली आणि वर्षानुवर्षे कागदावरच राहिली. अशा प्रदेशात कोणी कुदळ-फावडे घेऊन पाणी अडवावयास निघाला, तर त्याला नावे कोण ठेवील?

२०१६ साली वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत पाणी फाउंडेशनची 'वॉटर कप' स्पर्धा सुरू झाली. पुढे ती अमळनेर-पारोळ्यापर्यंत आली. १ मे २०१८ रोजी तर मुंबई-पुण्याचे हजारो 'जलमित्र' महाश्रमदानासाठी खेड्यांत उतरले. त्यांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पक्ष तोडून, जाती विसरून माणसे एकत्र खपली, हेही खरे. परंतु कामगार दिनी बिनमजुरीच्या श्रमाचा उत्सव व्हावा, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

शहरातील स्वयंसेवकाचे श्रमदान सुट्टीच्या दिवसाचे असते. भूमिहीन मजुराचे श्रमदान म्हणजे बुडालेला रोज. मग त्याच्या घामाने जिरलेले पाणी जाते कोठे? ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्या विहिरीत! जमिनीखालचे पाणी जमीनमालकाने उपसावे, ही १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याची दृष्टी आजही गावोगाव व्यवहारात जिवंत आहे. अडवलेल्या पाण्यावर बागायतदाराची केळी पोसते. चर खणणारी बाई मार्च उलटताच पुन्हा हंडा घेऊन उभी राहते. दान केले गरिबाने, पावले श्रीमंताला!

या महाराष्ट्राला दुसरा मार्ग ठाऊक नव्हता, असे नाही. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांनी पाझर तलाव आणि नालाबांध उभारले, ते मजुरी घेऊन. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि काम मागणे हा हक्क ठरला. त्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात; माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. उसाला मज्जाव आणि भूमिहीनालाही वाटा. पाणी अडविण्याआधी पाणी वाटण्याचा नियम, हे त्या प्रयोगाचे मर्म होते. स्पर्धेच्या करंडकात नेमके तेच बसत नाही.

आफ्रिकेतील खेड्यांत विहिरी खोदून देणाऱ्या पाश्चात्त्य धर्मादाय संस्थांनाही हाच प्रश्न चुकत नाही. पंप बसविणारा परत जातो. त्यावर सत्ता कोणाची, हा तंटा गावातच उरतो.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्याने श्रमदानाकडे पाठ फिरवू नये. कुदळ हाती घ्यावीच. पण पहिला घाव घालण्यापूर्वी ग्रामसभेत तीन ठराव मागावेत: मजुराला रोजगार हमीची मजुरी, भूमिहीनाला पाण्यात वाटा आणि उपशावर गावाचे नियंत्रण. शासनाला धरणाचे आणि बंधाऱ्यांचे उत्तरदायित्व दात्यांच्या खांद्यावर ढकलू देऊ नये.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर गेलेली माणसे पाण्याचे दान मागावयास गेली नव्हती. गिरणेकाठच्या माणसानेही ते का मागावे?