आत्याबाईच्या मिशा आणि टाइप टू

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. ही म्हण ज्याला कळते, त्याला इंग्रजीतली कंडिशनल वाक्यं शिकवायला चार खणांचा तक्ता लागू नये. तरी आपल्याकडे तक्ताच शिकवतात: टाइप झिरो, वन, टू, थ्री. 'इफ'नंतर क्रियापदाचं दुसरं रूप, पुढे 'वुड', मग पहिलं रूप. पाठ करा, गाळलेल्या जागा भरा, मार्क घ्या. पुढे नोकरी लागते आणि क्लायंटच्या कॉलवर तोंड उघडण्याआधी पोरगं मनातल्या मनात तक्ता चाळत बसतं.

माझा आक्षेप असा की हा तक्ता भाषा समजू देत नाही. 'इफ शी हॅड स्टडीड मेडिसिन, शी वुड बी अ डॉक्टर नाउ' हे साधं वाक्य घ्या. अर्धं टाइप थ्री, अर्धं टाइप टू. मग त्याला 'मिक्स्ड' नावाचा पाचवा खण पाडायचा. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या 'द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज'मध्ये मुख्य भेद दोनच आहेत: शक्यता उघडी आहे अशी अट, आणि बोलणाऱ्याला दूरची वाटणारी अट.

हा भेद आपल्याला शाळेपासून येतो. 'मी मुख्यमंत्री झालो तर' आणि 'आरसा नसता तर' हे दोन्ही निबंध आपण लिहिलेत. 'झालो तर'मध्ये दार उघडं आहे, 'नसता तर'मध्ये बंद. मराठीच्या तासाला याला संकेतार्थ म्हणतात. त्याच वर्गात, पुढच्याच तासाला, इंग्रजीचे सर जणू मुलांनी 'जर-तर' कधी ऐकलंच नाही अशा थाटात सुरुवात करतात.

'इफ इट विल रेन' ही चूक घ्या. ती मातृभाषेच्या माथी मारतात. पण आपण 'पाऊस येईल तर मी थांबेन' असं कुठे म्हणतो? 'पाऊस आला तर' म्हणतो. अशा अटीत मराठीही सहसा भविष्यकाळ वापरत नाही. मला तर ही चूक 'भविष्य म्हणजे विल' या पाठांतरातून आलेली दिसते.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. 'मला वेळ असता तर मी मदत केली असती.' हे आजचं की कालचं? मराठीत दोन्ही चालतं, संदर्भावरून कळतं. इंग्रजी मात्र इथे दोन वाटा करते. आजचं असेल तर 'इफ आय हॅड टाइम, आय वुड हेल्प'. कालचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव हेल्प्ड'. मराठीतलं 'केली असती' डोक्यात ठेवून आजच्या कामाबद्दल 'वुड हॅव हेल्प्ड' लिहिलंत, तर समोरचा समजतो की विषय संपला. आत्याबाईंचंही तसंच. मराठीत 'म्हटलं असतं', पण इंग्रजीत 'वुई वुड कॉल हर अंकल'. शिकवायचं असेल तर हे वळण शिकवा.

आम्हा प्रोग्रामर लोकांना सूत्रं आवडतात, म्हणून सांगतो. कोडमधलं 'इफ' एवढंच विचारतं: अट खरी की खोटी? 'झालं असतं तर'ची हळहळ त्याला कळत नाही. माणूस मात्र अटीबरोबर स्वतःचा अंदाजही सांगत असतो: हे होईल, हे अवघड आहे, ही वेळ गेली. नुसत्या सूत्रात तो अंदाज हरवतो.

'मराठीतून शिकवलं की मुलं भाषांतरच करत बसतात,' असं म्हणणारे भेटतात. पण मुलं भाषांतर करतातच, फक्त दंडाच्या भीतीने गुपचूप करतात. ते उघड करू दिलं तर कुठे जुळतं आणि कुठे फसतं, हे फळ्यावर दाखवता येईल.

आज ही किंमत मराठी माध्यमातली पोरं मोजतात. आधी स्वतःच्या भाषेची लाज घेऊन, मग स्पोकन इंग्लिशच्या क्लासची फी भरून. जे त्यांना आधीच येतं, तेच त्यांना परत विकू नका.