आधी दिवा, मग वेग

आमच्या वस्तीतली मुले गिअरच्या सायकली घेऊन रात्री रानवाटांवर जाऊ लागली आहेत. व्यायाम म्हणून आम्हाला आनंदच आहे. पण परवा एक जण वळणावर पडला, आणि पुढच्यांना ते फार उशिरा कळले.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: महागड्या सायकलीआधी हेल्मेट आणि दोन दिवे घ्या. हँडलचा दिवा समोरची वाट दाखवतो. वळणावर मान वळेल तिकडे उजेड टाकतो तो हेल्मेटवरचा. कुणाच्या तोंडावर दिवा मारू नका. डोळे अंधाराला पुरते सरावायला २०-३० मिनिटे लागतात. वेग सर्वांत हळू चालवणाऱ्याचा ठेवा, अनुभवी माणूस शेवटी असू द्या, प्रत्येक फाट्यावर डोकी मोजा. बिबट्याचा वावर असलेल्या जंगलात रात्री जाऊच नका.

सोबत निघालेले सगळे धडधाकट घरी आले, तरच तो व्यायाम.