सही आमची, समिती कोणाची?

'आयांना शाळेची आस्थाच नसते', हे वाक्य मी पुण्याच्या वस्त्यांमध्ये इतक्यांदा ऐकलं आहे, की आता संताप येतो. सभा ठेवायची सकाळी अकराला. त्या वेळी आमची बाई कोथरूडला चौथ्या घरची भांडी घासत असते. खाडा केला की पैसे कापतात. मग रजिस्टर तिच्या दारात येतं, 'इथं सही करा, ताई.' झाली सभा!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ काय म्हणतं? सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बाया. शाळेला आलेला पैसा कुठे गेला ते पाहणं हे समितीचं काम. संडासात पाणी का नाही, हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

तोंडी तक्रार केली की उत्तर ठरलेलं: 'बघतो.' म्हणून लेखी द्या. कलम ३२ प्रमाणे ती महापालिकेकडे करता येते, तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. पण पोराला वर्गात छळलं तर? ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. एकटीने का झेलायची, एवढंच विचारते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांना बगल दिली. लोक कोर्टात गेले, आणि जुलैत हायकोर्टाने तो बदल रद्द केला.

तेव्हा बायांनो, एका अर्जावर दहाजणींच्या सह्या घ्या. शिक्क्याची पोच मिळाल्याशिवाय उठू नका. आणि पुढची सभा संध्याकाळी सातनंतर ठेवा, हेही त्याच अर्जात लिहा.