लग्न प्रोबेशनवर आहे!

'तुमची ओळख कशी झाली?'

हा प्रश्न मला आजवर सगळ्यांनी विचारलाय. आत्यांनी, ऑफिसातल्या पोरांनी, एकदा तर कटिंग करता करता न्हाव्यानेसुद्धा. पण परवा तो बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत, काचेपलीकडून, माइकवरून विचारला गेला. तोही उजवा हात वर करून 'खरं तेच सांगेन' अशी शपथ घेतल्यानंतर. खरं सांगतो, घसा कोरडा पडला.

तर मंडळी, आमची बायको अमेरिकन सिटिझन. जन्म न्यू जर्सीचा, वरण-भात अस्सल पुण्याचा. लग्नाला दीड वर्ष झालं. त्यातले एकत्र घालवलेले दिवस मोजले तर दोन महिनेही भरत नाहीत. बाकी सगळा संसार फोनवर. 'म्हणजे तू बायकोच्या व्हिसावर जाणार?' असं लोक ज्या चेहऱ्याने विचारतात, तो चेहरा आता मला पाठ झालाय. हो, बायकोच्याच! आणि हा डिपेंडंट व्हिसा नाही बरं का. हा इमिग्रंट व्हिसा. तिकडे उतरल्या दिवसापासून नोकरी करता येते. शिवाय सिटिझनच्या नवरा-बायकोला वर्षाचा कोटा नसतो. ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांना मात्र कोट्याच्या रांगेत उभं राहावं लागतं.

कोटा नाही म्हणजे कागद नाहीत असं समजू नका. आधी तिने आय-१३० हा अर्ज भरायचा. तो मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ गावी, नॅशनल व्हिसा सेंटरला जाते. मग मी डीएस-२६० भरायचा, पासपोर्ट ऑफिसातून पोलिस क्लिअरन्स आणायचा, ठरलेल्या डॉक्टरकडे छातीचा एक्स-रे काढायचा, लसी टोचून घ्यायच्या. आणि वर पुरावा द्यायचा, की हे लग्न खरं आहे. हळदीचे फोटो, विमानाची तिकिटं, एकमेकांना पाठवलेले मेसेज. 'दूध संपलंय का' हा मेसेज आयुष्यात कधी प्रिंट काढून फाइलला लावीन असं वाटलं नव्हतं.

सगळ्यात भारी कागद म्हणजे आय-८६४. यात बायको लिहून देते, की नवऱ्याचा भार मी उचलीन, तो सरकारवर पडणार नाही. त्यासाठी तिचं उत्पन्न तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के लागतं. आणि गंमत बघा, उद्या घटस्फोट झाला तरी ही हमी संपत नाही! मी सिटिझन होईपर्यंत, किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाइतके क्वार्टर्स माझ्या नावावर जमा होईपर्यंत ती चालूच राहते. बायकोने हा कागद वाचला, सही केली आणि विचारलं, 'जेवलास का?'

आणि मी काय करत होतो? नोकरी धरून बसलो होतो.

इंटरव्ह्यूची तारीख आली तशी ती म्हणाली, 'आता पेपर टाक ना.' मी म्हटलं, 'व्हिसा हातात आल्याशिवाय नोकरी सोडू नका, घर विकू नका, पक्कं तिकीट काढू नका, असं त्यांनीच सांगितलंय.' ही सूचना खरीच आहे. पण ते निमित्त होतं, हे तिलाही कळलं. नऊ वर्षांची नोकरी, हाताखाली टीम, कँटीनमधली ठरलेली खुर्ची. तिकडे मी कोण? ती म्हणाली, 'तुला यायचंच नाहीये.' आणि फोन कट. त्यानंतर चार दिवस सायलेंट मोड.

अशा अवस्थेत मी बीकेसीला पोचलो. (२०११ पर्यंत ही वकिलात ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये होती.) आत मोबाइल चालत नाही, म्हणून तो बाबांच्या खिशात ठेवला. बाबा बाहेर फुटपाथवर. माझ्या हातात फाइल, पोटात गोळा.

बोटांचे ठसे झाले, शपथ झाली. शेजारच्या खिडकीत एक मुलगी 'आणखी कागद आणा' अशी चिठ्ठी हातात घेऊन उभी होती. आणि माझा नंबर आला.

'बायको काय करते?'

'फार्मसिस्ट आहे. आज लेट शिफ्ट. रात्री दहाला सुटते. गाडी चालवताना मला फोन करते, स्पीकरवर. आमच्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात, माझा चहा चालू असतो.'

'शेवटचं बोलणं कधी झालं?'

मेलो! 'आज सकाळी' म्हणणं किती सोपं होतं. पण नुकताच हात वर केला होता ना. म्हटलं, 'चार दिवसांपूर्वी.'

'का?'

'भांडण झालंय. मी अजून नोकरी सोडली नाही म्हणून.'

साहेबाने पहिल्यांदाच स्क्रीनवरून मान वर केली. हसला. म्हणाला, 'बरं केलंत. व्हिसा मिळेपर्यंत सोडूही नका.' आणि पासपोर्ट ठेवून घेतला. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे काय, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत असतं.

फोटोंचा अल्बम त्याने उघडलासुद्धा नाही. मला वाटतं, आमचं भांडणच सगळ्यात पक्का पुरावा ठरलं. खोट्या लग्नात कोण कशाला रुसेल?

बाहेर आलो तेव्हा अकरा वाजले होते. म्हणजे तिकडे रात्रीचा दीड. बाबांनी काही न विचारता फोन पुढे केला. पहिल्याच रिंगला उचलला.

'मिळाला. आणि साहेब म्हणाला, नोकरी सोडली नाही ते बरं केलं.'

'म्हणजे तू त्याला आपलं भांडण सांगितलंस?'

'शपथ घेतली होती ना! आणि ऐक, यायचं होतं गं मला. फक्त भीती वाटत होती. आजच पेपर टाकतो.'

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, 'वेड्या, आधी पासपोर्ट हातात येऊ दे.'

तर आता पासपोर्टची वाट बघतोय. व्हिसावर शिक्का बसला की तो जास्तीत जास्त सहा महिने चालतो. नोटीस पीरिअड दोन महिने. हिशेब बसतोय. फक्त एक गंमत राहिली. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत तिकडे उतरलो, तर मिळणारं ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं असतं. खोट्या लग्नांना आळा घालायला हा कायदा १९८६ साली झाला. कार्ड संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, की आम्ही अजून एकत्र आहोत.

म्हणजे ऑफिसच्या भाषेत, आमचं लग्न प्रोबेशनवर आहे. बायकोला सांगितलं तर म्हणाली, 'कन्फर्मेशन माझ्या हातात आहे, लक्षात ठेव!'