रुसलेला मासा नव्हे

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भिलाईत बसून खाऱ्या पाण्यातील माशांविषयी लिहावे, हे वाचकांस प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु काचेच्या टाकीत समुद्र थाटण्याची हौस आता किनाऱ्यापुरती उरलेली नाही. आमच्या स्मृतिनगरातही मोजून मीठ विरघळवून असा एक लहानसा समुद्र एका शेजाऱ्यांनी घरी निर्माण केला. त्यात जे घडले त्याचा काही दोष माझ्याकडे येतो. म्हणून हा लेख.

त्या सुमारास अन्न न घेणाऱ्या सागरी माशांविषयीच्या एका इंग्रजी पुस्तिकेचा अनुवाद मी करीत होतो. अशा माशास मराठीत काय म्हणावे? ‘उपोषण’ हा शब्द मनात आला. पण उपोषणामागे संकल्प असतो, हेतू असतो. तो बाजूस सारून मी ‘रुसलेला मासा’ असे लिहिले. शब्द घरगुती, सुटसुटीत, कोणासही समजेल असा. त्यावर मी खूशही होतो. हस्तलिखित शेजाऱ्यांस वाचावयास दिले.

त्यांनी नुकताच एक पिवळ्या पट्ट्यांचा फुलपाखरू मासा विकत आणला होता आणि तो अन्नास तोंड लावीत नव्हता. आता रुसलेल्याचे काय करावयाचे, हे मराठी माणसास शिकवावे लागत नाही. दिवाळसणाचा जावई असो की ताटावरून उठलेले पोर, त्याची मनधरणी करावयाची. शेजाऱ्यांनी तेच केले. सकाळी खाद्याच्या गोळ्या, दुपारी त्याच कुस्करून, संध्याकाळी मुंबईहून आणलेला सुका जवळा. माशाने काहीच घेतले नाही. सारे तळाशी बसून कुजले. आठव्या दिवशी तो मासा मेला. पुढील तीन दिवसांत त्याच टाकीतील दोन धडधाकट मासेही गेले.

ते दोघे उपाशी नव्हते. कुजणाऱ्या अन्नापासून व माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो. त्याचे रूपांतर करणारे सूक्ष्म जंतू नव्या टाकीत रुजावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. शेजाऱ्यांची टाकी तिसऱ्या आठवड्यात होती. शिवाय समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते, आणि अल्कता व उष्णता वाढली की अमोनियाचा अधिक मोठा अंश विषारी रूपात राहतो. त्यात तो भिलाईचा मे महिना. उष्ण पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. एका माशाची मनधरणी सर्वांच्या जिवावर उठली ती अशी.

माझे म्हणणे एवढेच की माशाचे न खाणे हा स्वभाव नसून लक्षण आहे, आणि लक्षणाची समजूत काढता येत नाही, त्याचे कारण शोधावे लागते. सागरी माशाच्या शरीरातील पाणी बाहेरच्या खारेपणामुळे सतत बाहेर पडत असते. ते भरून काढण्यासाठी तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकून देतो. पिशवीत कोंडून प्रवास घडलेला, निराळ्या क्षारतेच्या पाण्यात एकाएकी सोडलेला मासा या तोलाच्या खटाटोपातच थकलेला असतो. कित्येकदा जुने रहिवासी त्याला कोपऱ्यात दाबून ठेवतात. काही मासे तर पकडतानाच दुखावलेले असतात. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवून धरण्याची दुष्ट पद्धत सुरू झाली. आणि पुष्कळदा कारण अगदी साधे असते: गोळी हे अन्न आहे, हेच त्याला ठाऊक नसते. प्रवाळभित्तीवर अन्न हालते, नाहीतर दगडाला चिकटलेले असते. वरून गोळ्यांचा पाऊस तेथे पडत नाही.

म्हणून आधी पाणी तपासावे, दिवे मंद करावेत, लपावयास दगडांची कपार द्यावी व दिवसभर त्यास एकटे सोडावे. नंतर त्याच्या ओळखीचे अन्न न्यावे. आर्टेमिया नावाचा इवलासा कवचधारी जीव येथे फार उपयोगी पडतो. याची सुकी अंडी वर्षानुवर्षे टिकतात आणि कोमट खाऱ्या पाण्यात सुमारे एका दिवसात फुटतात. (मुंबईच्या वडाळा येथील मिठागरांत हा जीव आढळल्याची नोंद १९५३ सालची आहे; तेव्हा तो आपल्याला परका नाही.) हे हालते अन्न मासा घेऊ लागला की त्यात मृत, गोठविलेले अन्न थोडेथोडे मिसळावे. दगडावर टिपून खाणाऱ्या माशापुढे उघडलेली ताजी तिसरी शिंपल्यासकट ठेवावी. उरलेले काही मिनिटांत काढून घ्यावे. सगळ्यात अवघड शिस्त हीच आहे.

तिसऱ्या भिलाईत मिळावयाच्या कोठून, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी १९५१ साली मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन केले आणि १९५९ साली भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचेही. परंतु ते मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर समुद्रासमोर उभे राहिले, आमच्या भट्टीसमोर समुद्र नाही. जे अन्न आपण नित्य पुरवू शकत नाही, ते लागणारा प्राणी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फुलपाखरू माशांच्या काही जाती जिवंत प्रवाळावरच जगतात. दगडी प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे ते अन्न आपल्याकडे कायद्यानेही मिळावयाचे नाही. समुद्रघोड्यास तेच संरक्षण त्याच वर्षी मिळाले. अशा माशांवर कौशल्य आजमावून पाहण्यात विद्या वाढते, असा युक्तिवाद हौशी मंडळी करतात. वाढत असेल, पण तिची फी मासा भरतो.

याउलट विदूषक मासा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची हौदात पैदास करण्याच्या पद्धती बसविल्या आहेत. हौदात जन्मलेल्या पिलास तयार अन्नाची ओळख लहानपणीच होते.

अनुवादात मी आता ‘अन्न न घेणारा मासा’ असे लिहिले आहे. शब्दयोजना ओबडधोबड आहे, हे मान्य. शेजाऱ्यांनी टाकी दोन महिने रिकामीच चालू ठेवली आणि मग विदूषक माशांची एक जोडी आणली. दुकानात त्यांनी प्रथम एकच मागणी केली, “हे मासे माझ्यासमोर खाताना दाखवा.” दुकानदार कुरकुरला, पण त्याने चिमूटभर खाद्य टाकले. मासे वर आले.